मशीन माझ्या श्वासाच्या पुढे पळतंय, काय करू?

गेल्या अंकात घोरण्यावर लिहिलं तेव्हा वाटलं होतं आता बायका नवऱ्यांच्या तक्रारी पाठवणार, त्या आल्याच, पण निम्मी पत्रं निघाली बायपॅपवाल्यांची, म्हणजे झोपेत गळा मिटून श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून जोराने हवा देणारं मशीन लावणाऱ्यांची. मशीन घेतलंय, डॉक्टरांनी आकडे लावून दिलेत, आणि रात्री दीड वाजता मास्क काढून उशाशी ठेवलाय, असं साधारण सगळ्यांचं. म्हणून यावेळचं सदर अख्खं मशीनलाच. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, स्लीप लॅबमध्ये रात्रपाळी करणारी टेक्निशियन आहे, पेशंट झोपतो आणि मी बाजूच्या खोलीत स्क्रीनसमोर बसून त्याचे श्वास मोजते. प्रेशर किती ते डॉक्टर लिहितात, पण ते प्रेशर माणसाच्या अंगवळणी पडताना काय काय होतं ते मी रोज बघते, तेवढ्यापुरतं बोलते.

प्रश्न : ताई, मी सांगलीचा, वय ६३, एसटीतून रिटायर झालो. झोपेत श्वास बंद पडायचा, टेस्टमध्ये तासाला ५२ वेळा निघाला. आधी सीपॅप दिलं १६ वर, श्वास सोडताना जीव घाबरा व्हायचा, पंधरा दिवसांत मशीन कपाटात गेलं. मग बायपॅप दिलं, आता १८/१२ आहे. सोडणं सोपं झालं पण आता नवीनच सुरू झालंय, श्वास घ्यायला लागलो की हवा धाडकन येते, कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखी, आणि माझा श्वास पुरा व्हायच्या आत मशीन सोडून देतं. ते पुढे पळतं आणि मी मागे. दोन महिने झाले, घरात म्हणतात सवय होईल. प्रेशर कमी करून घेऊ का?

काका, प्रेशर कमी करायला सांगू नका अजून. पण तुमचं पत्र मी आमच्या लॅबमधल्या पोरांना वाचून दाखवलं, कारण तक्रार कशी सांगावी याचा हा नमुना आहे. बहुतेक लोक येऊन सांगतात "त्रास होतो", "सूट होत नाही", "गुदमरतं", आणि यातून आम्हाला काडीचं कळत नाही. तुम्ही मात्र सांगितलंत की घ्यायला लागल्यावर धाडकन, आणि घेऊन पुरा व्हायच्या आत बंद. श्वासाच्या नेमक्या कुठल्या जागी अडतंय ते कळलं की कुठलं बटण फिरवायचं ते जवळपास ठरलेलंच असतं.

आधी ते १८/१२ काय आहे ते बघू, कारण दोन महिने ते आकडे घेऊन झोपताय आणि कोणी समजावलेलं दिसत नाही. हे आकडे म्हणजे पाण्याच्या उंचीचे सेंटीमीटर. एक उंच भांडं घ्या, पाण्यात स्ट्रॉ १६ सेंटीमीटर खोल बुडवा आणि फुंकून बुडबुडे काढा, जेवढा जोर लागतो तेवढा जोर सीपॅपवर तुम्हाला प्रत्येक श्वास सोडताना लागत होता, रात्रभर. जीव घाबरा होणारच. सीपॅप निघालं ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते जगापुढे मांडलं, सुरुवातीचं यंत्र व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर चालायचं, म्हणजे तुम्ही आवाजाची तक्रार केलीत तर मी ही गोष्ट सांगणारच. त्यात एकच प्रेशर, घेतानाही तेवढंच, सोडतानाही तेवढंच. मग १९९० मध्ये पिट्सबर्गच्या सँडर्स आणि केर्न या दोघांनी दाखवलं की श्वास घेतानाचं आणि सोडतानाचं प्रेशर वेगवेगळं ठेवलं तर सोडताना कमी प्रेशरवरही गळा उघडा राहू शकतो. तेच हे बायलेव्हल. बायपॅप हे खरं एका कंपनीचं नाव, पण आता झेरॉक्ससारखं झालंय, सगळेच बायपॅप म्हणतात, मीही म्हणते.

तर तुमचं १८ म्हणजे आयपॅप, श्वास घेतानाचं, आणि १२ म्हणजे ईपॅप, सोडतानाचं. ईपॅपचं काम दरवाजाला पाय लावून उभं राहण्याचं, झोपेत गळ्याचे स्नायू सैल पडतात आणि जीभ मागे जाते तेव्हा श्वास सोडून झाल्यावर गळा मिटू नये म्हणून ते १२ आहे. आयपॅप वरून मदत करतं, अर्धवट श्वास आणि घोरणं ते सांभाळतं. मधला ६ चा फरक म्हणजे प्रेशर सपोर्ट, लॅबमध्ये आपण हा फरक साधारण ४ ते १० मध्येच ठेवतो. आता तुम्ही कंटाळून १२ चं ९ करून घेतलंत तर सोडताना अजून छान वाटेल, पण गळा मिटायला लागेल आणि ते ५२ परत येतील, आणि तुम्हाला झोपेत कळणारही नाही.

आता धाडकनचं बघू. १२ वरून १८ वर चढायला मशीन किती वेळ घेतं त्याला राइज टाइम म्हणतात. काही मशीनवर तो मिलिसेकंदात असतो, १५० पासून ९०० पर्यंत, काहींवर नुसते १ ते ६ आकडे. बाहेरून आल्यावर पुष्कळदा हा अगदी खालच्या टोकाला असतो आणि टायट्रेशनच्या रात्री, म्हणजे पेशंटला लॅबमध्ये झोपवून प्रेशर ठरवतात त्या रात्री, सगळ्यांचं लक्ष प्रेशरवर असल्यामुळे तो तसाच राहून जातो, हे मी आमच्याच लोकांविरुद्ध बोलतेय पण खरंय. शांत झोपलेला माणूस एक श्वास घ्यायला दीडेक सेकंद घेतो, त्यात १५० मिलिसेकंदात ६ सेंटीमीटर चढणं म्हणजे ड्रायव्हरने क्लच एकदम सोडल्यासारखं, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. ३०० किंवा ४०० करून बघायला सांगा. उलटी तक्रारही असते बरं का, काही लोक म्हणतात हवा मागितली तरी येत नाही, ओढावी लागते, त्यांचा राइज टाइम कमी करावा लागतो किंवा ट्रिगर जास्त संवेदनशील करावा लागतो. ट्रिगर म्हणजे तुम्ही श्वास घ्यायला लागलात हे मशीनने किती पटकन ओळखायचं ते. तुमचं तसं नाहीये.

आणि लवकर सोडून देण्याचं. श्वास संपला हे मशीनला कसं कळतं? हवेचा वेग सुरुवातीला चढतो, एका टोकाला जातो, मग उतरतो, आणि टोकाच्या साधारण चौथाईवर आला की मशीन म्हणतं झालं याचं, आता सोडू दे. याला सायकल म्हणतात. हवा धाडकन आली की ते टोक उंच जातं, टोक उंच म्हणजे त्याची चौथाईही उंच, आणि वेग उतरताना ती लवकर गाठली जाते. म्हणजे तुमच्या दोन तक्रारी नाहीत, बहुतेक एकच आहे. म्हणून आधी फक्त राइज टाइम बदलून घ्या, चार-पाच रात्री झोपा, मग बघा दुसरी तक्रार आपोआप जाते का. नाही गेली तर सायकलची सेटिंग एक पायरी कमी संवेदनशील करायची, किंवा टीआय मिन म्हणजे श्वासाला मशीन कमीत कमी किती वेळ देणार ते थोडं वाढवायचं. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी बदलू देऊ नका, टेक्निशियन घाईत असेल तरी, कारण मग बरं वाटलं तरी कशाने ते कळत नाही आणि बिघडलं तरी कळत नाही.

या सेटिंग डॉक्टर किंवा टेक्निशियनच्या मेनूत असतात, फोनवरून सांगून होतात पुष्कळदा. हेच शब्द सांगा, श्वास घ्यायला लागल्यावर धक्का बसतो, राइज टाइम बघता का. आणि तोवर एक करा, दुपारी जागेपणी खुर्चीत बसून बातम्या बघताना वीसेक मिनिटं मास्क लावून बसा, झोपायचा प्रयत्न न करता. घरात म्हणतात तशी सवय होतेच, पण मशीन जुळल्यावर होते, जुळायच्या आधी फक्त राग येतो.

प्रश्न : माझ्या सासूबाई ५८ वर्षांच्या, नाशिक जिल्ह्यात गावी असतात, पूर्वीपासून चुलीचा धूर, त्यामुळे सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे आणि त्यावर झोपेत श्वास अडकण्याचंही निघालं. बायपॅप लावलं की म्हणतात मी सोडतेय तरी हे फुंकतच राहतं, माझ्याशी भांडतं. रात्री मशीनचा आवाजही वाढतो. गावात कोणी बघायला नाही.

हे सांगलीच्या काकांच्या बरोबर उलटं आहे. सीओपीडीत हवेचा वेग टोकावरून फार हळू उतरतो, ती चौथाई यायलाच वेळ लागतो, तोवर बाईंचा सोडायचा श्वास सुरू झालेला असतो आणि मशीन मात्र घेतोच आहे समजून ढकलत राहतं. अशा वेळी सायकल जास्त संवेदनशील करतात आणि टीआय मॅक्स, म्हणजे जास्तीत जास्त किती वेळ ढकलायचं ती मर्यादा, कमी करतात. काही मशीनवर ती २ सेकंदांवर ठेवलेली असते, सीओपीडीच्या माणसाला ते फार होतं. किती कमी ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

पण त्याआधी, रात्री आवाज वाढतो हे जे तुम्ही शेवटी सहज लिहिलंत ना, मला तेच महत्त्वाचं वाटतंय. आवाज वाढतो म्हणजे हवा गळतेय आणि मशीन ती भरून काढायला जास्त जोर लावतंय. मास्कमधून हवा सतत बाहेर जात असेल तर मशीनच्या हिशोबाने वेग उतरतच नाही, मग ते ढकलतच राहतं. म्हणजे गळतीमुळेही हुबेहूब हीच तक्रार येते. एक विचारते, सासूबाईंना कवळी आहे का? वरखाली पूर्ण कवळी असली आणि मास्कचं माप दुकानात कवळी घालून घेतलं असलं तर रात्री ती काढल्यावर गाल आत जातात आणि तोच मास्क दोन्ही बाजूंनी फुसफुसतो, मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता पहिला प्रश्न तोच विचारते. मास्क रात्री जसं झोपतात तसं झोपवून, मशीन चालू ठेवून, मग बसवा. पट्टे आवळत जाऊ नका, आवळला की सिलिकॉनची कड दुमडते आणि गळती वाढते, शिवाय नाकाच्या हाडावर जखम होते. पूर्ण सैल करा, मास्क चेहऱ्यावरून किंचित उचलून हवेने फुगू द्या, मग हळूहळू दोन्ही बाजूंनी सारखं ओढा.

आणि सकाळी उठल्यावर डोकं जड, दिवसभर गुंगी, बोलण्यात गडबड, पायाला सूज, यातलं काही दिसलं तर सेटिंगचं बघत बसू नका, त्यांना दवाखान्यात न्या, अंगात कार्बन डायऑक्साइड साठत असू शकतो आणि ते रक्ताच्या तपासणीशिवाय कळत नाही.

प्रश्न : मी पुण्याचा, वय ५६. मुलगा न्यू जर्सीला असतो, त्याने मशीनच्या कार्डावरचा डेटा ऑस्कर सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघितला आणि व्हॉट्सअॅपवरून मला डॉक्टरांच्या मेनूत कसं शिरायचं ते सांगितलं. १६/१२ होतं, दिवसा अजून थकवा होता म्हणून आम्ही २१/१२ केलं. पहिल्या रात्री खूप मोकळं वाटलं. पण आता एएचआय ३ वरून १४ वर गेलाय आणि त्यात बहुतेक सीए असं दाखवतं. अजून वाढवायचं का?

अहो नाही! आजच १६/१२ करा, आणि डॉक्टरांना फोन करून काय केलं ते न लाजता सांगा.

रागावून झालं, आता कारण सांगते. एएचआय म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा निम्माशिम्मा झाला, ५ च्या खाली असला की बरं चाललंय असं धरतात, तुमचं ३ होतं, म्हणजे मशीन काम करत होतं. सीए म्हणजे सेंट्रल, मशीनचा अंदाज असा की गळा उघडा आहे पण श्वास घ्यायची ऑर्डरच आली नाही. ही ऑर्डर मेंदू देतो ती मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड बघून. तुम्ही प्रेशर सपोर्ट ४ चा ९ केलात, प्रत्येक श्वास मोठा झाला, कार्बन डायऑक्साइड नको तेवढा धुतला गेला, मेंदू म्हणाला आत्ता गरज नाही, आणि श्वास थांबला. साध्या एस मोडमध्ये मशीन तुमच्या श्वासाची वाट बघत बसतं, स्वतःहून देत नाही. अजून वाढवलंत तर अजून थांबेल. पहिल्या रात्री मोकळं वाटलं ते खरं असेल, मोठे श्वास घेतल्यावर वाटतंच.

मुलाला मी नावं ठेवत नाही, डेटा बघणं चांगलंच आहे, ऑस्कर फुकट आहे आणि आमच्याकडे येणारे काही पेशंट त्याचे आलेख घेऊन येतात तेव्हा काम सोपं होतं. पण आलेख वाचणं वेगळं आणि त्यावरून प्रेशर फिरवणं वेगळं. आणि कोणी म्हणेल सेंट्रल आहे ना मग एएसव्ही मशीन घ्या, म्हणजे श्वासागणिक प्रेशर सपोर्ट आपोआप बदलणारं, सेकंडहँड मिळतं, तर त्या फंदात अजिबात पडू नका. २०१५ मध्ये सर्व्ह-एचएफ नावाचा मोठा अभ्यास आला, हृदयाचं पंपिंग ४५ टक्के किंवा कमी आणि मुख्यतः सेंट्रल ॲप्निया असलेल्या लोकांना एएसव्ही दिलं तर हृदयविकाराने मृत्यू उलट वाढले. तुमचा टूडी एको कधी झाला होता?

घरी काय फिरवायचं म्हणाल तर रॅम्प (सुरुवातीला प्रेशर हळूहळू चढवतो तो), ह्युमिडिफायर (हवा दमट करणारी पाण्याची टाकी), नळीचं तापमान, मास्कचा प्रकार बदलला तर मशीनमध्ये तो प्रकार, बस. पेशंटच्या मेनूत जे दिसतं ते तुमचं, जे दिसण्यासाठी दोन बटणं एकत्र दाबून ठेवावी लागतात ते तुमचं नाही. आणि एएचआय ३ असताना थकवा का होता हा खरा प्रश्न तसाच राहिला, त्याचं कारण थायरॉइड, हिमोग्लोबिन, रात्री फक्त चार तास मशीन लावणं, झोपेची गोळी, काहीही असू शकतं. तुम्ही तास किती लावता ते लिहिलंच नाहीत.

प्रश्न : सकाळी पोट ढोलासारखं फुगतं, ढेकरा आणि नको ते सगळं. ऑफिसला जायची लाज वाटते. प्रेशर १७/११. वय ४१, ठाणे.

हवा गिळली जातेय. लाजू नका, खूप जणांना होतं, सांगत कोणीच नाही. रात्रीचं जेवण आणि झोप यात तीन तास ठेवा, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करा, नुसत्या दोन उशा घेऊन मान मोडू नका, डाव्या कुशीवर झोपा. ॲसिडिटी असेल तर तिचे उपचार आधी, ती आणि हे हातात हात घालून चालतात. नाक बंद राहून तोंडाने श्वास घेत असाल तर तेही बघायला हवं. एवढं करूनही राहिलं तर मग प्रेशरचा विषय डॉक्टरांकडे काढा, आयपॅप एक-दोनने उतरवून घोरणं परत येतं का ते बघतात, किंवा ऑटो मोडवर टाकतात म्हणजे रात्रभर वरच्या आकड्यावर राहावं लागत नाही. कुशीवर झोपल्यावर पुष्कळांना कमी प्रेशर पुरतं, पाठीवर झोपल्यावरच गळा जास्त मिटतो. आणि गेल्या वर्षभरात वजन बरंच कमी झालं असेल तर जुने आकडे तुम्हाला आता जास्त होत असतील, तसं असेल तर परत टायट्रेशन मागून घ्या.

प्रश्न : नळीत पाणी साचून तोंडावर येतं, मास्कमध्ये गुळगुळ आवाज. दादर.

एसीचा झोत नळीवर पडत असणार. आत कोमट दमट हवा, बाहेरून गार वारा, नळीतच पाऊस पडतो. एसीची पट्टी दुसरीकडे वळवा, नळीला फ्लॅनेलचं कापड गुंडाळा किंवा पांघरुणातून घ्या, ह्युमिडिफायर एक-दोन आकड्यांनी उतरवा. पावसाळ्यात मुंबईत खिडकी उघडी ठेवून झोपत असाल तर तो अगदी कमी ठेवला तरी चालेल. मशीन पलंगापेक्षा खालच्या पातळीवर ठेवा, म्हणजे जमलेलं पाणी तुमच्याकडे न येता मागे जातं. अकोल्याच्या एका बाईंनी याच्या उलट लिहिलंय, नाक कोरडं पडून रक्त येतं, त्यांनी ह्युमिडिफायर वाढवायचा. पाणी डिस्टिल्ड घालायचं, आरओचं डिस्टिल्ड नसतं, त्यात क्षार राहतात आणि टाकीला पांढरा थर धरतो. रोज सकाळी उरलेलं ओतून द्या, वरून भर घालू नका.

प्रश्न : लाइट जाते तेव्हा काय? इन्व्हर्टरवर चालेल? लातूर.

चालेल. सगळ्यात जास्त वीज ह्युमिडिफायर आणि गरम नळी खातात, लाइट गेली की ती दोन्ही बंद करा, नुसतं मशीन बरंच जास्त चालतं. लाइट गेली आणि मशीन बंद पडलं तर मास्क लगेच काढायचा, तोंडनाक दोन्ही झाकणाऱ्या मास्कमध्ये हवा आत यायची झडप असते खरी, पण त्यावर झोपून राहू नका. प्रवासात मशीन उचलायच्या आधी टाकी रिकामी करा, मोटरमध्ये पाणी गेलं की खर्चच.

प्रश्न : कोल्हापूरकर आहे. मास्कवाला म्हणतो मिशी काढा, गळती थांबेल. मिशी काढणार नाही. दुसरा उपाय सांगा.

काढू नका. फक्त नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क येतो, नेझल पिलो म्हणतात, त्याची कड मिशीवर टेकत नाही. तुमचं प्रेशर १५ च्या वर असेल तर नाकपुडीत फवारा मारल्यासारखं वाटू शकतं, त्यामुळे विकत घ्यायच्या आधी तुमच्याच प्रेशरवर, आडवं पडून, अर्धा तास लावून बघा, आणि झोपेत तोंड उघडं राहत असेल तर हा मास्क उपयोगाचा नाही. मिशीला तेल लावून पीळ देत असाल तर तो कार्यक्रम सकाळी, रात्री तेलकट ओठावर सिलिकॉन घसरतं.